इन्सुलेटरचे सुटे भाग

सिंदेवाही, १६ एप्रिल २००२

चि. कुलदीप यास,
अ. आ. वि. वि.

प्रथम तक्रार दाखल करून घ्यावी. कागद उडू नयेत म्हणून तू नागपूरच्या कचेरीतून पाठवलेला तो इन्सुलेटरचा नमुना स्वतःच टेबलावर ठरत नाही. आज तो नववीच्या एकतीस उत्तरपत्रिका घेऊन दुसऱ्यांदा खाली गेला. एका दांडीवर ओवलेल्या राखाडी रबराच्या छत्र्या, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. विजेच्या तारा याच्यावर ताणतात हे मी तुझ्या वहिनीला समजावलं. तिचा प्रश्न कायम आहे: हे लाटणं की खराटा?

आता तुझा प्रश्न. तुझ्या शेठचा माल परदेशातून येतो, त्याचे कस्टमचे कागद तू करतोस. अख्खा इन्सुलेटर लिहिला की कर जास्त आणि वर चाचणीचा दाखला मागतात. यावर काही शास्त्राधार आहे का, म्हणतोस. आहे ना! अवयव वेगळे, अवयवी वेगळा. खाटेचा पाय म्हणजे खाट नव्हे, सुतळी म्हणजेही खाट नव्हे. शेठला सांग, दांड्या एका जहाजानं आणा, छत्र्या दुसऱ्या, टोप्या तिसऱ्या. इन्सुलेटर आलाच कुठे? सल्ल्याची दक्षिणा म्हणून संत्री पाठव.

धानोऱ्याहून सीताचं पत्र आलं. आपले जावईबापू रामाजी लाइनमन म्हणून कायम झाले. तुझी बहीण आता खांबाच्या उंचीवरूनच बोलते.

लोभ आहेच, त्याला उतार पडू देऊ नकोस.
देवाजी

नागपूर, २७ ऑगस्ट २००२

ती. स्व. भाऊंस,
सा. जय भीम. वि. वि.

भाऊ, तुमच्या खाटेनं काम केलं! शेठले मी तुमचं शास्त्र सांगतलं तं तो खुर्चीतून उठलाच. तीन जहाजं, तीन कागद: काचतंतूच्या दांड्या, रबराच्या वस्तू, लोखंडी सामान. तिन्हीवर सही माह्यी. एक बी अडला नाई.

आता हिंगण्याकडे एका टिनाच्या शेडात जोडणी सुरू आहे. टोप्या दाबाचं मशीन महाग पडते, म्हणून बाया हातोडीनं ठोकून राह्यल्या. मी टोकलं तं शेठ म्हणे का खाट ठोकाले काऊन मशीन पाहिजे? लय हसलो आम्ही. मले आता मोठं टेबल भेटलं, पंख्याखाली. साक्षी पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होते. वहिनीले सांगा, ते लाटणं बी नाई अन् खराटा बी नाई.

तुमचा आशीर्वाद असाच डोक्यावर राहो.
कुलदीप

सिंदेवाही, ३ सप्टेंबर २००२

चि. कुलदीप यास,
अ. आ. वि. वि.

अरे, तो विनोद होता. माझे विद्यार्थी माझ्या विनोदावर झोपी जातात. तू एकटाच असा निघालास, की त्यावर सही करून मोकळा झालास.

कस्टममधलं मला काही कळत नाही. पण ज्यानं तुमचे नियम लिहिले तो अगदीच बावळट नसावा. सुटे आणून जोडले की जी खाटच होते, ती आधीपासून खाटच धरावी, असं त्यानं कुठेतरी लिहिलं असेल. बघून कळव. हातोडीनं ठोकलेल्या टोपीतून पाणी आत शिरतं का, हेही एखाद्या जाणत्याला विचार. खाट मोडली तर माणूस हातभर खाली येतो, खांबावरून किती येतो ते रामाजींना माहीत. हा माल कुठल्या लाइनीवर जातो, ते उलट टपाली लिही.

आशीर्वाद आहेत, पण आज ते काळजीसकट पाठवतो आहे.
देवाजी

नागपूर, १९ ऑक्टोबर २००२

ती. स्व. भाऊंस,
सा. जय भीम. वि. वि.

उशीर झाला, माफ करा. नियम आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलेच आहे. भाऊ, सही कराच्या आधी मी तो वाचला होता. तुमच्या पत्रानं हिंमत आली, एवढंच.

जाणत्याले विचारलं. तो म्हणे का टोपीतून ओल गेली तं दांडी अंदरून सडते, वरून काही दिसत नाई. माल ठेकेदारानं उचलला, धानोऱ्याच्या नव्या लाइनीसाठी. दोन तुटले बी म्हणते. शेठ म्हणे, माकडं लोंबकळली असतीन. वापस बोलवा म्हटलं तं त्यानं मलेच विचारलं, कागदावर सही कोणाची आहे? जेलात गेलो तं साक्षीले अन् तिच्या आईले कोण पाहीन? रामाजी भाऊजीले काही बोलू नका. हे पत्र जाळून टाका.

राग धरू नका.
कुलदीप

धानोरा, शुक्रवार, ८ नोव्हेंबर २००२

चि. कुलदीप यास,
अ. आ. वि. वि.

दिवाळीच्या सुटीत सीताकडे आलो आहे. लाइन घरामागून निघून मोहाच्या झाडांवरून जंगलात शिरते. चार दिवस झाले, सकाळी तिच्याखालून चालतो आणि माझं शास्त्र खांबाखांबावर ताणून बांधलेलं बघतो. परवापर्यंत माणसं याच वाटेनं बाजाराला जात होती. काल दोघीतिघी लाइन टाळून पलीकडच्या बांधावरून जाताना दिसल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, असंच.

रामाजींनी एक तुटलेला तुकडा आणून दाखवला. दांडी टोपीपाशी सुरीनं कापल्यासारखी सपाट मोडली आहे. ते म्हणाले, की जुना चिनीमातीचा इन्सुलेटर फुटायच्या आधी तडकतो, खालून दिसतो तरी. हा चूपचाप जातो. तरी त्यांना हा माल आवडतो. हलका आहे, एका हातात तीन घेऊन चढता येतं. एका बाजूचा तुटला की दुसरीकडच्या ताणानं खांब झटका खातो, असंही त्यांनीच सांगितलं. मी कमरेच्या पट्ट्याचं विचारलं, तर हसले. म्हणे, मास्तर, पट्टा तं खांबालेच बांधला असते ना.

सोमवारी ते तारा कसायला चढणार आहेत. बत्तीस खांब आहेत.

सीतानं साक्षीसाठी झबलं शिवून ठेवलं आहे, ते घेऊन येईन. तुझ्यावरचा लोभ उणा झालेला नाही, आणि अडचण तीच आहे.

तुझं पत्र मी जाळलेलं नाही, आणि पिशवीतून बाहेरही काढलेलं नाही. रोज चहाच्या वेळी रामाजींना सांगायचं ठरवतो. मग तू आठवतोस, साक्षी आठवते, आणि मी त्यांना धानाचं विचारतो. कुलदीप, सरळच लिहितो. सोमवारी रामाजी चढतील तेव्हा मी खाली उभा असेन आणि तरीही माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही, याची मला भीती वाटते आहे.

तुझा भाऊ,
देवाजी