हिअर, लिसन आणि तुमचे हात

अब्बा,

काल दुपारी हातगाडीवरून फळा आला. दुकानदार आठशे वीस सांगत होता, साडेसातशेला सोडला. खडूचा खोका चाळीस, डस्टर तीस, शंभर पानी वह्या एक डझन तीनशे. सगळं महिला मंडळाच्या पैशातून, माझ्या डब्यातला एक रुपया गेला नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतंत, की बेटा, पैसे कुणाचे? मंडळाचे, अब्बा. आणि मंडळानं ते का दिले, तेच सांगायला बसलेय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्या मॅट्रिक पोरीनं मंगळवार पेठेतल्या अकरा बायकांना इंग्रजी शिकवलं, आणि रविवारी त्यातल्या दहा जणी भर सभेत पास झाल्या.

माझ्या शाळेतले दिवस आठवा. कबनूरच्या आपल्या खोलीत स्वयंपाकघर म्हणजे एक भिंत. मी वही उघडून बसलेय, तुम्ही पहिल्या पाळीवरून येऊन जेवताय. इचलकरंजीच्या शेडमध्ये मागांच्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही सगळे हातांनीच बोलायचात. दोन बोटं पिळली की धागा तुटला, मूठ ओठाला लावली की चहा. घरी आलात तरी ते हात थांबायचे नाहीत. (घरात आपण आपल्या बोलीत बोलायचो, पण मला लिहिता येतं ते मराठीच, म्हणून मराठीत लिहिते.) शाळेत सरांनी इंग्रजी शब्दांच्या फसव्या जोड्या दिल्या होत्या, आणि माझं बॉरो नि लेंड दर वेळी उलटं. तुम्ही चौथी शिकलेले. विचारलंत, "अर्थ काय लिहिलाय?" मी वाचून दाखवला. तुम्ही तळवा छातीपासून माझ्याकडे नेलात. "हे लेंड. माझं तुला दिलं, परत घ्यायच्या बोलीवर." मग माझ्याकडून छातीकडे ओढलात. "हे बॉरो. आता सांग, तुझ्या अम्मीनं शेजारणीकडून साखर आणली, ते काय?"

"बॉरो."

"आणि शेजारणीनं काय केलं?"

"लेंड."

"आणि पस्तावली," चुलीपासून अम्मी म्हणाली.

हिअर आणि लिसनला तर तुम्ही जेवण अर्धं सोडलंत. कानाजवळ तळवा नुसता उघडा धरलात. "माग चालू असला की आवाज येतोच, नको म्हटलं तरी येतो. हे हिअर." मग मान वाकवून कानामागं हात. "आणि शंभर मागांत आपला एक बिघडलाय का, म्हणून मी कान देतो. ते लिसन." कापड नजरेला पडलं ते सी, मान वळवून त्याच्याकडे बघितलं ते लुक, चालत्या कापडावर पाळीभर डोळा ठेवला ते वॉच. मी पुढं कितीतरी मोठी पुस्तकं बघितली, अब्बा, इतकं सरळ कुणी सांगितलेलं नाही.

मग तो वर्गातला दिवस. सरांनी मला उभं करून लेंडचं वाक्य विचारलं आणि माझा हात आपसूक छातीवरून पुढं गेला. सर ओरडले, "हात खाली! हितं काय माग चालू हाय व्हय?" वर्ग खो खो हसला. माझं वाक्य बरोबर होतं, ते कुणी ऐकलंच नाही. त्या संध्याकाळी तुम्ही हात उचललात तशी मी म्हणाले, "अब्बा, हात नका करू. तोंडानं सांगा." तुम्ही दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलात, आणि तोंडानं सांगायला गेलात तर तुम्हाला शब्दच सापडेनात. ते तुमचं बसणं मला अजून दिसतं.

पेठेतल्या बायकांना मी शिकवते ते मंडळाच्या खोलीत, दुपारची जोहरची नमाज आटोपून, तासभर, फुकट. कुणाला मुलांच्या शाळेतल्या चिठ्ठ्या वाचायच्या असतात, कुणाला दुकानात नोकरी हवी असते. फसव्या जोड्यांपाशी सगळ्या अडल्या. चार दिवस तोंड दुखेपर्यंत सांगितलं. पाचव्या दिवशी माझा हात उठला, आणि आठवड्यात सगळं पाठ! पण मंडळाच्या नव्या अध्यक्षा कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "मॅट्रिक बाईनं इंग्रजी शिकवणं बरं दिसत नाही. एक पदवीधर बाई फी घेऊन वर्ग चालवायला तयार आहेत, खोली त्यांना देऊ." फी म्हटल्यावर माझ्या अकरातल्या नऊ जणी घरीच बसल्या असत्या. मी म्हटलं, परीक्षा घ्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आठ पास झाल्या तर खोली तुमची.

रविवारी मंडळाच्या सभेत पहिली उठली ती भाजीवाली. मंडईत तिचा आवाज तीन गल्ल्या जातो, आणि इथं थिजून उभी. अध्यक्षा म्हणाल्या, "हिअर आणि लिसन. वाक्यं करा." मग तिचा तळवा हळूच कानाजवळ गेला, आणि ती खणखणीत म्हणाली, "आय हिअर माय मदर-इन-लॉ एव्हरी डे. आय डू नॉट लिसन."

मागच्या रांगेतून तिची सासू उठली. "व्हय गं, व्हय! तेवढं इंग्रजी मला बी कळतंय!"

सगळी सभा हसली. अध्यक्षा मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे हातवारे कशाला? हात खाली घ्या."

अब्बा, मी उठले. म्हटलं, "हात राहू द्यात, मॅडम. शब्द चुकला तर सांगा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "शब्द चुकला नाही."

"मग पुढचीला विचारा."

विचारलं. एकामागून एक हात उठत गेले, आणि शब्द बरोबर पडत गेले. लेंड, बॉरो, लुक, वॉच. आठवी बरोबर आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, तरी मॅडमनी उरलेल्या तिघींनाही सोडलं नाही. एकच चुकली, ब्रिंगच्या जागी टेक म्हणाली, आणि खाली बसता बसता मला म्हणते, "भाभी, हात उलटा गेला की वो!" खोली आमची झाली, फळ्या-वह्यांचे पैसेही मंडळानं तिथंच मंजूर केले. घरी येऊन आधी आभाराची, दोन रकात शुकराना नमाज पढले, मग चहा ठेवला.

आता जे सांगायला नको वाटतंय ते. सभा उठल्यावर मॅडम स्वतः माझ्यापाशी आल्या. "ही पद्धत कुठल्या कोर्सला शिकलात?" मी म्हणाले, "इचलकरंजीला एक सर होते." एक सर! भर सभेत हात राहू द्यात म्हणणारी मी, आणि "माझे वडील, माग चालवायचे" एवढं म्हणायला जीभ उचलली नाही. त्यांना वाटलं कुणी मोठे प्राध्यापक. खोलीच्या दारावर त्या सरांच्या नावाची पाटी लावायची म्हणतात, नाव आणि पदवी लिहून मागितलीय. नाव मी लिहिलंय, तुमचं, पूर्ण. पदवीच्या जागी 'माग कामगार' लिहिलंय, पण पेन्सिलीनं. हे पत्र जाणार कुठं नाही, ते मला कळतं. तरी पेंटर शुक्रवारी येणार आहे. त्याआधी पेनानं गिरवू का, तेवढं उलट टपाली कळवा.