अर्ध्या टाकीतलं पाणी

सोमवार, संध्याकाळ. थंडी वाढली.

आज धरणाच्या मधोमध नावेचं इंजिन बंद पडलं. नावेत मी एकटाच. टाकीखालची चावी खोलून डिझेल बाटलीत धरलं, तर तळाशी पाणी! झाकण तर घट्ट होतं, मग आलं कुठून? वल्हवत काठाले आलो अन् बाटली गफूर मिस्त्रीले दाखवली.

"काऊन अर्धी ठेवतं बे टाकी? रिकाम्या जागेत रातच्याले दव धरते. पयले तर संध्याकायीच भरून ठेवत होता तू."

हो, ठेवत होतो. पल्याडच्या वावरात जाणाऱ्या बाया उजाडायच्या आधीच काठावर हाका मारत होत्या ना. पूल झाल्यापासून कोण येते? म्हणून जरुरीपुरतंच टाकतो. अन् जरूर तरी कसली? रोज धरणाच्या मधापर्यंत जातो अन् परत येतो. इंजिन जाम होऊ नये म्हणून, असं लोकाले सांगतो.

बाटली समोरच आहे. वर डिझेल, खाली पाणी. किती हलवली, तरी पुन्हा वेगळं होते.

शेवटी जाऊन टाकी काठोकाठ भरून आलो. आता सकाळी कोणाले तरी पल्याड जायचं असलं पाहिजे.