व्हिटकूम साहेबाच्या नवव्या पिक्चरमधलं माझं मरण

आणि मोटारसायकलचंही लिहून ठेवतो. मेलेल्या माणसाची गाडी घरच्यांनी घ्यायची हे मला मान्य आहे, पण निदान तो मेलाय का एवढं तरी बघून घ्यायची. जयप्रकाश, तू थोरला भाऊ. दोनदा फोन लावलास, दोन्ही वेळा बंद लागला, तिसऱ्यांदा लावायचे कष्ट घेतले नाहीस. दूतावासात कळवायचं तर राहूच दे. अकराव्या दिवशी माझ्या गाडीवरून कराडला जाऊन आलास, आणि वर मलाच म्हणतोस, "क्लच खराब करून ठेवला होतास."

म्हणून हा कागद. मी, धैर्यशील सुधीर शेवाळे, वय सव्वीस, शिक्षण नववी नापास, मूळ गाव पांढरमळी, तालुका कराड, हल्ली मुक्काम राई, कुवेत, धंदा ड्रायव्हर, लिहून देतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही आणि कोणी मला दम दिलेला नाही. कायद्याचे शब्द शर्मिला मॅडमनी सांगितलेत. राग माझा आहे. पहिल्यांदा मेलो तेव्हा मला लिहायला सवड मिळाली नव्हती, ती आता घेतोय.

कलम एक. मी मेलो कसा, ते आधी नोंदवतो, कारण गावात अजून तीन प्रकारे सांगतात. जेफ्री व्हिटकूम, राहणार लंडन, वय एकाहत्तर, हा साहेब आखातातल्या कामगारांवर पिक्चर काढायला इथे आला. राईच्या एका गोदामात त्याचा सेट होता. मी चार महिने त्याला दस्मानच्या हॉटेलातून गोदामात आणि गोदामातून हॉटेलात पोचवत होतो. शर्मिला मॅडम पुण्याच्या, त्याच्या मदतनीस, पुढच्या सीटवर. साहेब मागे बसून टॅबवर स्वतःचेच जुने पिक्चर लावायचा. सिग्नलला गाडी थांबली की मला बघायला लावायचा. मॅडम म्हणायच्या, "धैर्यशील, साहेब विचारतायत, कसा वाटला?"

"चांगला म्हणून सांगा."

"ते म्हणतायत, खरं सांग."

खरं असं. पहिला कोळशाच्या खाणीचा, काळापांढरा, त्याला बाहेरदेशी कुठेतरी बक्षीस मिळालं. अंधारात काळी माणसं काळा कोळसा काढतात. मला काही दिसलं नाही, बक्षीस देणाऱ्यांना दिसलं असेल. दुसऱ्यात दीपगृहातली एक बाई चाळीस मिनिटं बटाटे सोलते. साल एवढी जाड काढते की आमच्या आईने तिला स्वयंपाकघरात उभी केली नसती. तिसरा लढाईचा, सतरा हत्ती, आणि असा आपटला की साहेबाने पुढची अकरा वर्षं साबणाच्या जाहिराती केल्या. त्या जाहिराती बऱ्या आहेत, लवकर संपतात. चौथा आपल्या देशावर. साप आहे, साधू आहे, पण सबंध देशात एक माणूस सकाळी उठून कामाला जात नाही. पाचवा आणि सहावा चालू असताना ट्रॅफिक सुरळीत होता, देवाची कृपा. सातवा भुताचा, त्यात भूतच कंटाळलेलं. आठव्यात एका म्हातारीला आपला मुलगा ओळखू येत नाही आणि ती त्याला पाहुणा समजून सारखा चहा देते. आठव्याच्या वेळी सिग्नल हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही, मागून हॉर्न वाजले.

आठही पिक्चरचा शेवट एकच. पांढरी चादर आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. जाणकार लोक म्हणे याला साहेबाची सही म्हणतात. सही एकदा करतात. आठ वेळा केली की तो शिक्का.

मी हे बोललो तेव्हा साहेब खूप हसला. मग म्हणाला, "तुझे पाय बघू."

असा मी नवव्यात आलो. विमानाच्या मालात चढवायची प्रेताची पेटी, आत मी, तोंडावर चादर, पाय उघडे. शूटिंग अठरा दिवस वाळवंटात. सेटवरचं काही बाहेर जाऊ नये म्हणून साहेब सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा करून कुलपात ठेवायचा. फक्त लाइटवाल्या नझीरने दुसरा फोन बुटात लपवला होता. त्याने सहा सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि गंमत म्हणून इथेच काम करणाऱ्या माझ्या गावच्या एका पोराला पाठवला. पोराने गावाच्या ग्रुपवर टाकला.

चेहरा दिसतच नव्हता. पण डाव्या पायावर गुऱ्हाळातल्या काहिलीचा डाग आहे आणि अंगठ्याजवळचं बोट वाकडं आहे. आई खाली बसली.

कलम दोन. देह नव्हता तर दर्भाचा पुतळा करून जाळलात. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मी जिवंत, तो कशाला शिवेल. त्याने काय काय ऐकून घेतलं ते मला धाकट्या बहिणीने, मुक्ताने, फोनवर सांगितलं, जसंच्या तसं लिहितो. जयप्रकाशने हात जोडून सांगितलं, "धैर्या, वरचा तुकडा तुझ्या नावाने ठेवतो." कावळा जागचा हलला नाही. "तुझ्या गाडीला हात लावणार नाही." नाही. "दारू सोडतो." यावर कावळा उठून पलीकडच्या झाडावर गेला. मग आई म्हणाली, "मुक्ताला शिकायचंय, हे त्याच्या मनात होतं." तेव्हा जयप्रकाशने हातात पाणी घेऊन सगळ्या भावकीसमोर शब्द दिला, "मुक्ताला नर्सिंगला घालतो. तिला विचारल्याशिवाय तिचं लग्न ठरवत नाही." आणि कावळा शिवला.

माझं म्हणाल तर त्याला भूक लागली होती. पण तुम्ही मानता ना, मग माना.

दहाव्यानंतर चौथ्या दिवशी शूटिंग संपलं, फोन हातात आला, मी घरी लावला. आई म्हणाली, "पाय दाखव." मी मोजा काढून कॅमेऱ्यासमोर पाय धरला. ती बराच वेळ बघत बसली. तोंड दाखवू का म्हणालो, तर म्हणाली, "राहू दे, कळलं."

आता इस्लामपूरच्या गूळव्यापाऱ्याचा मुलगा येत्या रविवारी मुक्ताला बघायला येतोय. मंगळवारपासून तिची बारावीची परीक्षा. मी विचारलं तर जयप्रकाश म्हणतो, "शब्द गेलेल्याला दिला होता. तू परत आलास, शब्द संपला." दादा, मी एक दिवस जाणारच आहे. शब्द तेव्हाच्यासाठी आत्तापासून लागू धरावा. घाटावर बेचाळीस माणसं होती. तू बदललास तर मी त्यातल्या एकेकाला फोन लावीन, आणि बंद लागला तर तिसऱ्यांदाही लावीन.

कलम तीन, वाटप. वरच्या तुकड्यातला माझा हिस्सा आणि माडीवरची खोली मुक्ताला. बँकेत जे असेल ते आईला, तिने त्यातलं जयप्रकाशला उसनं देऊ नये. राईच्या गॅरेजातली माझी पान्यांची पेटी नझीरला. त्याला मी माफ केलेलं नाही, पण पाने गंजू नयेत. मोटारसायकल जयप्रकाशला, क्लचसह. साहेबाने सही करून दिलेलं त्याच्या पिक्चरचं जाड पुस्तकही जयप्रकाशला. त्यात शेवटी सोळा पानं नुसते पाय आहेत, त्यातले कुणाचे आहेत ते त्याने बसून ओळखावं.

कलम चार. साहेबाविषयी. मॅडमनी सांगितलं, पहिल्या, कोळशाच्या पिक्चरचं शूटिंग चालू असताना त्याचा बाप गेला. पोचला तेव्हा तोंडावर चादर होती, पाय तेवढे बाहेर. हे आपल्या बापाचे का, ते त्याला सांगता येईना. तेव्हापासून तो जगाला पाय दाखवत फिरतोय. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझ्या आईची गोष्ट ऐकल्यावर त्याने पहिलं विचारलं, "ती परत तशी खाली बसेल का? कॅमेरा घेऊन जाऊ." सगळा जन्म पिक्चर काढण्यात घालवला आणि जे त्याला जमलं नाही ते माझी आई, मंदा शेवाळे, या बाईने मोबाइलवर सहा सेकंदांत केलं. म्हणून माझ्या खऱ्या मरणाला व्हिटकूम साहेब किंवा त्याचा कॅमेरा पांढरमळीच्या वेशीत येऊ नये. माझे पाय झाकावेत. चादर आखूड पडली तर तोंड उघडं राहू दे.

वरचं सगळं मी वाचून, दोनदा राग आवरून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: धैर्यशील सुधीर शेवाळे

साक्षीदार: १. शर्मिला देशमुख, दस्मान. २. नझीर अहमद, राई (सही करताना "भाई, माफ कर दे" म्हणाला, नोंद घ्यावी).

ठिकाण: राई, कुवेत. शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५.

सोबत मुक्ताच्या स्वतःच्या खात्यावर, जयप्रकाशच्या नव्हे, नर्सिंगच्या प्रवेशासाठी पाठवत आहे: पेटीत मेलेला पडून राहिल्याबद्दल साहेबाने दिलेले साठ दिनार, म्हणजे सोळा हजार नऊशे रुपये.