गालफुगी नव्हती ती

मोखाडा,
१९ जानेवारी २००३

प्रिय नीतावहिनींना,
तुमच्या लाडक्या नणंदेचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. नाना दुकानात, आई हळदीकुंकवात. दादाला सांगा, त्याची स्कूटर आता मी चालवते, रुसून बसू नकोस म्हणावं.

गोळ्या घेते का विचारलंत. घेते. बाकीचं सांगतेच, पण आधी तुमचे आभार मानू द्या.

आपल्या तालुक्यात आजार म्हणजे रोडावणं. पोरांना काट्यावर तोलून आजारी ठरवायची सवय सगळ्यांना. म्हणून माझे गाल सुजले तेव्हा आईने गालफुगी समजून लेप लावला. इथले डॉक्टर म्हणाले, "वजन चांगलं आहे, पित्त असेल." दार लावून हाताला लागेल ते खाते आणि मग बोटं घालून ओकते, हे सांगू कुणाला? दुकानाच्या ओट्यावर पोशेरा गावची ती नवशी आपलं हाडकुळं पोर घेऊन बसलेली असायची. लाजेने माझं तोंडच शिवलं होतं.

दिवाळीत तुम्ही माझ्या बोटांवरचे दातांचे वळ पाहिलेत. रागावला नाहीत. "अवंती, मुद्दाम उलटी काढतेस का गं?" एवढंच विचारलंत आणि मला तुमच्याकडे नाशिकला नेलंत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी किती विचारलं! खाताना हात थांबत नाही का, आठवड्यातून कितीदा, किती महिने, मग उपास करतेस का, स्वतःच्या अंगाचा राग येतो का. दात बघितले, रक्त तपासलं. "सारखं ओकण्यानेच गाल सुजलेत. याला बुलिमिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "वजन बरोबर असलं तरी हा आजारच. बरा होतो." मला वाटत होतं मी नुसती अधाशी आहे. तिथेच रडू फुटलं.

आता बाकीचं. शुक्रवारी वाडा गावाहून मंडळी मला बघायला आली. "मुलगी अंगाने भरलेली आहे," मुलाची आई म्हणाली. ते गेले आणि मी तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन बसले. पुन्हा झालं, वहिनी.

पण या वेळी मोरीतूनच आईला हाक मारली. सगळं सांगितलं. "इथल्या पोरांना घास मिळंना, नि तू..." ती म्हणाली. मग खाली बसून माझी पाठ चोळत राहिली. वाड्याला तिने कळवलंय, "आमच्या मुलीची तब्येत बरी होऊ दे, मग बघू."

गुरुवारी नाशिकला डॉक्टरीणबाईंकडे तीही येतेय. आमचं दोघींचं जेवण करून ठेवा. आणि जेवण झाल्यावर मला एकटीला उठू देऊ नका, काहीबाही बोलत बसवून ठेवा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगू शकलेली,
अवंती