येऊ दे

सोमवार, ६

पावती फाडली. माझी! इतकी वर्षं शाळेची व्हॅन चालवतेय, कुणा पोलिसाने साधी शिट्टी मारली नव्हती माझ्यावर. आणि आज भर चौकात हातात कागद — 'रस्ता न देणे'.

जन्मदात्या बापाला गाडीवर मदतनीस ठेवू नये, हेच खरं.

मुलांना शाळेत सोडून परत निघालो होतो, अण्णा आणि मी. चौकाच्या तोंडाशी फर्निचरवाल्याचा टेम्पो आडवा. डावीकडचं मला काही म्हणजे काही दिसेना. म्हटलं, "अण्णा, बघा हो कुणी येतंय का." अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली. म्हणाले, "येऊ दे." मी घेतली गाडी पुढे. तर डावीकडून स्कूटरवर एक बाई! तिने करकचून ब्रेक दाबला. लागलं कुणालाच नाही, नशीब. पण ती अशी बघत राहिली माझ्याकडे की मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलीस तिथेच उभा. "ताई, तिकोनी पाटी दिसली नाही का? आधी त्यांना जाऊ द्यायचं असतं." मला म्हणतो! मी दाराला टेकून ऐकून घेतलं.



मंगळवार, ७

शाळेच्या गाड्यांचं बघणारी मॅनेजरबाई म्हणजे गोड बोलून गळा कापणारी. "नियम काही मी केलेला नाही हो. लायसन्सवर नोंद झाली की वर्षभर शाळेची गाडी नाही. सुनावणी मागा. निकाल लागेपर्यंत चालवा."

वर्षभर! घरी बसून काय माश्या मारू? दुसरं मला काही येत नाही, आणि यायला नकोही आहे. सकाळी पाठीमागे तो कलकलाट नसला तर गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही मला. सुनावणी मागितली.

गुरुवार, ९

आज भांडण. कडाक्याचं.

मी म्हटलं, सुनावणीत सरळ सांगू — तुम्ही 'येऊ दे' म्हणालात म्हणून मी गेले. तर अण्णा कप खाली ठेवून म्हणतात कसे, "म्हणालो ना. तिला येऊ दे, म्हणालो. त्या स्कूटरवालीला."

अहो, हा माणूस बसचा कंडक्टर होता! उभा जन्म बसच्या मागे उभं राहून 'येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे' करण्यात गेला. मला गाडी शिकवली तीही तशीच. आमच्यात गाडीवर 'येऊ दे'चा अर्थ एकच — घे, मोकळं आहे. आणि आता म्हणे तिला!

"मग 'थांब' म्हणायचं सरळ."

"तुला साधं बोलणं कळत नाही, चिमणे, त्याला मी काय करू?"

डोकंच फिरलं माझं. नाही नाही ते बोलले. म्हातारचळ लागलाय असंही बोलले. ते उठून आत गेले. जेवताना मीठ मागितलं तेही शेजारणीकडे मागावं तसं.

शुक्रवार, १०

अबोला. व्हॅनमध्ये मुलांसमोर तेवढं — "दार?" "लावलं."

रविवार, १२

दाढीवाला आला होता, शाळेची दुसरी व्हॅन चालवतो तो. म्हणाला, तो टेम्पो रोज तिथेच असतो, फोटो काढा. गेलो, तर होताच. काढले फोटो. मग हळूच म्हणतो, "म्हातारबांना सांगा ना, मीच 'जा' म्हटलं म्हणून बोला. त्यांचं काय जातंय?"

नको. बापाला कोर्टात खोटं बोलायला लावू? आणि खरं सांगायचं तर आता माझीच खात्री डळमळलीय. तिला येऊ दे — असंही म्हणतातच की माणसं. तसंच म्हणाले असतील. मला निघायची घाई, कानांनी सोयीचं तेवढं ऐकलं.

संध्याकाळी मीच आधी बोलले. "अण्णा, चहा टाकू?" "येऊ दे," म्हणाले. दोघांनाही हसू आलं, पण दाखवलं कुणीच नाही.

बुधवार, २२

सुनावणी झाली.

मॅजिस्ट्रेट बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. फोटो नीट पाहिले. "टेम्पो आडवा होता, मान्य. पण दिसत नव्हतं तर थांबायचं. कुणाच्या भरवशावर गाडी पुढे घेतलीत?"

अण्णांचं नाव घ्यायचं नाही असं ठरवूनच गेले होते. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"माझ्या भरवशावर." अण्णा! शर्टाचं गळ्याशी बटण लावलेलं, ताठ उभे. "मीच तिला ये म्हणालो, मॅडम. मला मोकळं वाटलं. ती स्कूटरवाली दिसलीच नाही. डावा डोळा गेलाय माझा."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर गाडीवरचं काम गेलं असतं, पोरं सुटली असती हातातून."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डोळे कुणाचेही असोत, स्टिअरिंग तुमच्या हातात होतं. परत असं होता कामा नये." ताकीद देऊन सोडलं. लायसन्सवर नोंद नाही!

बाहेर जिन्यातच मी अण्णांचा हात धरून रडले. लोक बघत होते, बघू देत. "केवढं खोटं बोललात हो माझ्यासाठी! आणि डोळ्याचं ऐन वेळी कसं सुचलं?" तर म्हणतात, "चल, शाळा सुटेल." उभ्या जन्मात एक फुकट्या प्रवासी सोडला नाही या माणसाने. आणि आज लेकीसाठी भर कोर्टात! यांना मी म्हातारचळ लागलाय म्हटलं. जीभ झडो माझी.

गुरुवार, २३

मॅनेजरबाईंना निकालाचा कागद दिला. वाचून म्हणतात, "छान झालं. पण यात डोळ्याचं आलंय. त्यांच्या तपासणीचा दाखला तेवढा आणून द्या." हसूच आलं. घ्या, आता खोटं निस्तरा! म्हटलं, आणते की.

अण्णा म्हणाले, "कशाला उगीच खटाटोप?" सोमवारी ओढूनच नेते.

सोमवार, २७

डॉक्टरांनी अण्णांचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षर विचारलं. अण्णा म्हणाले, "भिंत कुठंय?"

कोर्टात ते खरंच बोलले होते. खोटं घरात बोलले होते, माझ्याशी.

परत येताना मी पुढचं, त्यांच्या रोजच्या जागेचं दार उघडून धरलं. ते आपणहून मागे जाऊन बसले.