जेवताना वाचायची पत्रं

९ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते फोनवर नको, नीट लिहून कळव, असं तू बजावलंस म्हणून हा कागद. वजन ब्याण्णव निघालं. ब्याऐंशीवर आणायचं, पण घाई न करता, वर्षभरात. गुडघे कुरकुरतायत आणि साखर उंबरठ्यावर आहे.

मग त्यांनी विचारलं की जेवायला किती वेळ लागतो. मी पाच मिनिटं म्हटल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. खरं तेच सांगितलं. आई गेल्यापासून मी ओट्यापाशी उभा राहून पातेल्यातूनच खातो, दुसऱ्या हातात फोन. आता म्हणे खुर्चीवर बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत, अर्धं ताट भाजी, वीस मिनिटं जेवायचं आणि वर दहा मिनिटं चालायचं. बाकी जमेल, पण ती वीस मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत कशी काढू? दिवसभर ट्रक तोलायच्या भुईकाट्यावर त्या एवढ्याशा केबिनमध्ये असतो. ड्रायव्हर खिडकीतून पावती घेतात की निघाले. घरी आलो की तोंड उघडायचं ते घासासाठीच.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझ्या लोभावरच गाडी चालली आहे, तेवढा आटू देऊ नकोस.

तुझा ढब्बू

१७ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

ताट वाढून घेतलंस का? मग बैस आणि वाच. पाकिटात सात पानं आहेत, रोज रात्रीच्या जेवणाला एक. पुढचं पान आधी वाचलंस तर मला कळेल. परिच्छेद संपला की कागद खाली ठेवायचा, दोन घास खायचे, चावून, आणि मग पुढे. कागद वेडावाकडा दिसतोय कारण तो बाहीचा जुना नमुना आहे. दुकानात ते ढीगभर पडलेत, पाठ कोरी असते.

परवा एक शाळामास्तर पँट शिवायला आले. टेप लावला की पोट आत घ्यायचे, काढला की सुटकेचा श्वास. तीनदा माप घेतलं, तीन आकडे आले. शेवटी त्यांना गावातल्या पाण्याची तक्रार करायला लावली आणि बोलण्याच्या भरात माप घेऊन टाकलं. टेपसमोर सगळेच पोट आत घेतात रे, पण कापडाला फसवता येत नाही.

शाळेच्या गणवेशांचे दिवस आहेत, मान वर करायला फुरसत नाही, आणि लिहायची मला मुळात हौस नाही हे तू जाणतोस. तरी काटा ब्याऐंशीला टेकेपर्यंत दर बुधवारी पाकीट टाकीन. त्यानंतर मात्र मी सुटले, पुन्हा आपला फोन आहेच. हे पान संपलं असेल तर ऊठ, चपला घाल आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन ये.

माया आहेच, ताटात भाजी आहे का ते बघ.

तुझी ताई

२४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

वजन अठ्ठ्याऐंशी. मध्ये एक घोळ केला, तो सांगून टाकतो. एका ड्रायव्हरने कसलीशी पावडर दिली आणि रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. आठवड्यात तीन किलो उतरले, केबिनच्या पायरीवर चक्कर आली, आणि जेवायला लागलो तसे तिन्ही परत आले. डबा फेकून दिला आहे, तेव्हा ओरडू नकोस.

त्या आठवड्यात जेवण नव्हतं म्हणून तुझं पानही उघडलं नव्हतं. त्याचंच जास्त वाईट वाटलं. मास्तरांचं पान मी चार वेळा वाचलंय. पहिल्यांदा मोठ्याने हसलो आणि माझ्याच आवाजाने दचकलो. घरात बरेच दिवस कुणी हसलं नव्हतं.

अशीच लिहीत राहा, ही एवढीच विनवणी.

तुझा ढब्बू

२६ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काटा चौऱ्याऐंशीवर अडून बसलाय, आज चार महिने झाले. चालणं, भाजी, झोप, सगळं वेळच्या वेळी आहे. शेवटचे दोन किलो हट्टी असतात म्हणे. म्हणजे तुझ्या मागचं काम एवढ्यात सुटत नाही, माफ कर.

तू मे महिन्यात नव्या मापाने शिवून दिलेल्या कामावरच्या दोन पँट सोबत पाठवल्या आहेत. एकीची चेन गेली आहे, दुसरीची शिवण उसवली आहे. इथल्या शिंप्याचं काम मला पटत नाही.

पाकिटं चालू ठेव.

तुझा ढब्बू

१८ सप्टेंबर

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

आज एकच पान आहे. जेवायला बसला असशील तर आधी जेवून घे.

चेन बसवली, शिवण घातली. मग पँट उलटी करून कंबर बघितली, ती मी तुझ्या चौऱ्याऐंशीच्या मापाने बेतली होती. दोन्हीकडे पट्ट्याखाली तीन बोटांची चुणी पडली आहे. चुणीच्या आतलं कापड अजून नव्यासारखं निळं आहे, बाहेरचं विटून पांढरट झालंय. एवढं विटायला तीन महिने तरी वापरावं लागतं. म्हणजे जूनपासून तू कापड पट्ट्यात कोंबून हिंडतोयस आणि मला चौऱ्याऐंशी कळवतोयस. लोकांचे ट्रक किलो किलो तोलून देणारा माणूस सख्ख्या बहिणीला खोटं वजन सांगतो.

एक दिवस मी चिडलेली होते. दुसऱ्या दिवशी कळलं की पत्रं बंद होतील म्हणून तू घाबरलास. आणि ती अट मीच घातली होती. मला तेव्हा वाटलं होतं, तुला वजनाचं दुखणं आहे.

आता माझं ऐक. माझं घर चार माणसांचं आहे म्हणून तू मला सुखी समजतोस. आम्ही चौघं चार वेगवेगळ्या वेळी जेवतो. हे आल्या आल्या बातम्यांसमोर, मुलं आपापल्या खोलीत, आणि मी मशीनपाशी उभी, उरलंसुरलं, पाच मिनिटांत. या वर्षी माझं वजन सहा किलोंनी वाढलंय. माझ्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, जेवायला किती वेळ लागतो. मी हसून उडवून लावलं.

तुला लिहायला बसायचे तेव्हा ताट शेजारी घेऊन बसायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. बोलल्यासारखं वाटायचं. पण लिहिता लिहिता जेवण गार होतं.

तेव्हा आता तू लिही. काय लिहू म्हणून विचारू नकोस. खिडकीतून कोण आलं, कोण काय म्हणालं, काहीच घडलं नसेल तर तेही चालेल. फक्त मोठं लिही, ढब्बू. तुझं मागचं पत्र माझ्या तीन घासांत संपलं, आणि बाकीचं ताट मी कुणाशी न बोलता खाल्लं.

जीव लावलाच आहेस, आता कागदावर उतरू दे. वाट बघते आहे.

तुझी ताई