मोटारीची लाल गोट

नवापूर, ता. ३ फेब्रुवारी १९३६

ती. अंबूआक्कास, धाकट्या दोधूचा शि. सा. न. वि. वि.

सुरतेहून जुनी मोटार घेतली. तू उधळ्या म्हणशील, पण ती आपल्या द्वारकेसाठी आहे. चौदा तारखेला तिला नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी बोलावलंय. जावई गेल्यापासून दोन वर्षं पोरीनं उंबरा ओलांडला नाही. स्टेशनावरच्या नजरा तिला नकोत, म्हणून मोटार.

पण गाद्यांच्या कडेची कातडी गोट निघाली कुंकवासारखी लाल. पाहताच ती मागं सरली. "आबा, माले त्या लाल गोटवर बठनं नही," एवढंच बोलली. धुडकू मोची म्हणतो, हिरडा आणि गंजल्या लोखंडाच्या पाण्यानं काळी करून देतो. करू का? तिची आई असती तर तुला विचारलं नसतं.

तुझा दोधू

पुणे, ता. ६ फेब्रुवारी १९३६

चि. दोधूस अनेक आशीर्वाद.

तुला जे करता येतं ते तू करतोस. जे विचारायला हवं ते विचारत नाहीस. पोर कातड्याला भीत नाही, त्यावर बसलेली दिसण्याला भिते. मी कॉलेजात जात होते तेव्हा आपल्या आळीनं मला काय काय नावं ठेवली, ते तू लहान होतास तरी ऐकलं आहेस. गोटीला काळं फासून आळी गप्प बसत नाही.

तरीही त्यानं ती मोटारीत बसणार असेल तर कर. मात्र रंग मुरायला वेळ दे. तुझी घाई मला ठाऊक आहे. द्वारकेला सांग, पाठ घेताना फळ्याशी नव्हे, मुलींशी बोलावं.

अंबूआक्का

नवापूर, ता. १६ फेब्रुवारी १९३६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

घाई झालीच. धुडकू तेल लावायला पुन्हा येणार होता, मी थांबलो नाही. वाटेत विसरवाडीला पाणी प्यायला उतरलो तर द्वारकेच्या पांढऱ्या लुगड्यावर पाठीला काळे पट्टे. ती परत फिरू म्हणाली. मी चूक कबूल केली आणि तुझं ऐकून प्रथमच विचारलं, तुला शाळा हवी की नको? पदरानं पाठ झाकून ती पुन्हा मोटारीत बसली. मग म्हणाली, हवी.

नंदुरबारला तिच्या मावशीकडं गेलो. मावशी सवाशीण, घरात पांढरं लुगडं कुठून असणार? मोरपंखी लुगडं हाती घेऊन मावशी माझ्याकडं बघत राहिली. द्वारकेनंच ते ओढून घेतलं.

जागा मिळाली. मार्चच्या पहिल्या सोमवारपासून जायचं आहे. पण घरी आल्यापासून मोरपंखी घडी करून ठेवलंय, पांढरं धुतलंय. काय नेसून जाऊ, असं मला विचारत नाही. तिच्या डोक्यात रात्रंदिवस विचार मात्र तोच. शेजारची कालीबाई मोरपंखी लुगड्यावरून टोमणे मारून गेली. धुडकू तेल घेऊन येतो म्हणतोय, मग रंग लागणार नाही. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

दोधू

पुणे, ता. १९ फेब्रुवारी १९३६

चि. दोधूस आशीर्वाद.

हे द्वारकेला वाचून दाखव. दोन लुगडी पार्सलनं पाठवत आहे, एक गर्द निळं, एक डाळिंबी. कोणतं नेसावं, की पांढरंच, हे तिचं तिनं ठरवावं. कालीबाईनं विचारलं तर सांगावं, मोटारीचा रंग लागतो, पांढरं टिकत नाही. यात खोटं काही नाही.

म्हणून धुडकूला तेल लावू देऊ नकोस.

तुम्हा दोघांवर जीव असणारी,
अंबूआक्का